गेंड्याच्या पायवाटेने

मुलांनो, जंगलात प्राणी बघायला जायचं म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? उघडी जीप, गळ्यात दुर्बीण आणि "वाघ दिसला का हो?" असं समोरच्या जीपमधल्यांना विचारणारे काका! पण आज आपण निघालोय त्या रानात जीप नाही. तिथे चालायचं. तेही सिंह, हत्ती आणि गेंडे राहतात त्याच वाटांवरून!

हे रान दक्षिण आफ्रिकेत, डरबन शहराच्या उत्तरेला आहे. नाव श्लुश्लुवे-इम्फोलोझी. जिभेला चांगलीच कसरत, नाही का? हे रान १८९५ सालापासून राखीव आहे. त्याच्या आधी दोनच वर्षं, १८९३ मध्ये, तरुण गांधीजी वकिलीच्या कामासाठी डरबनच्या बंदरात उतरले होते.

अशा पायी सफरीला लहान मुलांना नेत नाहीत. म्हणून आपण मनानेच जाऊ. एका तुकडीत जास्तीत जास्त आठ जण आणि बरोबर दोन बंदूकधारी वाटाडे. नियम सोपे, पण कडक. एकामागे एक चालायचं. बडबड करायची नाही. आणि काहीही झालं तरी वाटाड्याने सांगितल्याशिवाय पळायचं नाही!

वाटाडा मधेच थांबून राखेची पुरचुंडी झटकतो. ही कसली जादू? जादू नव्हे, वारा बघणं! राख जिकडे उडते तिकडे आपला वास जातो. गेंड्याची नजर अधू असते, पण नाक आणि कान फार तिखट. म्हणून वारा नेहमी आपल्या तोंडावर यायला हवा.

पुढे वाटेत शेणाचा मोठा ढीग दिसतो. शी काय करताय? जरा वाकून बघा. हे गेंड्याचं वर्तमानपत्रच आहे! शेणात नुसतं गवत असेल तर इथून पांढरा गेंडा गेला. कात्रीने तिरक्या कापल्यासारख्या काटक्या असतील तर काळा. पांढऱ्याचं तोंड रुंद, तो गवत चरतो. काळ्याचा ओठ टोकदार, तो झुडपांची डहाळी ओढून खातो. रंगाने मात्र दोघेही राखाडीच बरं का!

वाटाडा हात वर करतो. सगळे झाडाआड. समोर पांढरी गेंडीण आणि तिचं पिल्लू! पिल्लू पुढे, आई मागे. मोकळ्या गवतात आईची नजर त्याच्यावर राहते. काळ्या गेंड्याचं पिल्लू बहुधा आईच्या मागून जातं, कारण दाट झुडपात वाट आईनेच करायची असते. गेंडिणीचे कान आपल्याकडे वळतात. छातीत धडधड होते ना? होऊ दे. हलू मात्र नका. थोड्या वेळाने ती मान खाली घालून पुन्हा चरू लागते.

हे दृश्य कायमचं पुसलं जाणार होतं. शिकारीमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेकडच्या पांढऱ्या गेंड्यांपैकी शंभरही उरले नव्हते. उरले ते या इम्फोलोझीच्या रानात. १९५३ साली इयन प्लेयर या वनरक्षकाने विमानातून मोजणी केली, तेव्हा ४३७ गेंडे भरले. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गेंड्यांना गुंगीचं औषध देऊन दुसऱ्या रानांत नेऊन सोडलं. सगळी अंडी एकाच टोपलीत कशाला ठेवायची, नाही का? आज आफ्रिकेत पांढरे गेंडे पंधरा हजारांच्या आसपास आहेत.

या पायी सफरी १९५९ मध्ये सुरू केल्या त्याही प्लेयर यांनी आणि त्यांचे झुलू सहकारी व गुरू मकुबू न्तोंबेला यांनी. जो माणूस रानातून पायी चालला, तो रान विसरणार नाही, असा त्यांचा विश्वास होता.

पण गोष्ट इथे संपत नाही. २०२३ साली याच उद्यानात चोरट्या शिकाऱ्यांनी ३०७ गेंडे मारले. कशासाठी? शिंगासाठी! आणि ते शिंग तरी कशाचं? आपली नखं ज्याची, त्याच केराटिनचं. म्हणून २०२४ मध्ये इथल्या गेंड्यांना भूल देऊन त्यांची शिंगं कापायला सुरुवात झाली. त्याने गेंड्याला दुखत नाही, शिंग पुन्हा वाढतं. तरीही बिनशिंगाचा गेंडा बघून मन खट्टू होतंच.

रात्र झाली. इथल्या एका सफरीत तंबूसुद्धा नसतो, आणि घड्याळं आधीच काढून ठेवलेली असतात. शेकोटीभोवती सगळे झोपतात, पण एकाने जागायचं. पाळीपाळीने, एकट्याने. शेकोटीत लाकूड सारायचं, अंधारात कान द्यायचे. दूर तरस ओरडतो. जवळच काहीतरी गवत चरतंय... कर्र, कर्र. गेंडा असेल? झोपलेल्या सगळ्यांचा भरवसा आता तुमच्यावर आहे.

उठा, तुमची पाळी आली!