नातवाचा ताप आणि आजीचे दुखणे

बालरोगतज्ज्ञाने वार्धक्यातील एकाकीपणाविषयी लिहावे, हे पुष्कळांना विचित्र वाटेल. परंतु सावरगाव-पांढुर्णा परिसरातील माझ्या दवाखान्यात बाळाला मांडीवर घेऊन बसलेली व्यक्ती बहुधा आजी असते. आई शेतात, संत्र्याच्या बागेत अथवा नोकरीवर गेलेली असते. ताप रात्री किती वाजता चढला, बाळाने दूध किती वेळा घेतले, औषध पोटात राहिले की उलटून पडले, हे सारे आजीला तोंडपाठ असते. माझ्या निदानाचा निम्मा भाग या आजींनीच पुरवला आहे.

अशीच एक आजी काही वर्षांनी एकटीच आली. छातीत धडधड, भूक मंद, झोप उडालेली. "आजी, मी लहान मुलांचा डॉक्टर आहे," असे म्हणताच ती उत्तरली, "मालूम हाय जी, डॉक्टरसाहेब. पन नातू शिकाले नागपूरले गेला. आता माह्याजवळ काई कामच नाई राह्यलं." फिजिशियन मित्राकडून तिची तपासणी करून घेतली. ईसीजी, रक्तशर्करा, थायरॉइड, सर्व ठीक निघाले. निदान तिने स्वतःच पहिल्या वाक्यात सांगितले होते. मला ते उशिरा ऐकू आले.

एकटे असणे आणि एकाकी वाटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली मोजता येते. दुसरी म्हणजे हवा असलेला जिव्हाळा आणि प्रत्यक्षात लाभणारा जिव्हाळा यांतील अंतर. म्हणूनच भरल्या घरातील वृद्ध एकाकी असू शकतो आणि एकटी राहणारी विधवा समाधानात असू शकते.

या भावनेचा शरीरावर होणारा परिणाम आपण वैद्यकीय व्यावसायिकांनी गांभीर्याने घ्यावा असाच आहे. ज्युलियन होल्ट-लनस्टॅड व सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. ज्यांचे सामाजिक संबंध बळकट होते, त्यांची अभ्यासकाळात हयात राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ च्या अहवालात एकाकीपणाशी निगडित मृत्यूंचा अंदाज वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार असा दिला. ताणाची संप्रेरके, वाढता रक्तदाब, खंडित झोप ही कारणे आहेतच. पण साधी कारणेही कमी नाहीत. एकट्यासाठी दोन वेळा चूल कोण पेटवणार? गोळी चुकली तर आठवण कोण देणार?

श्रवणदोषाकडे तर आपले विशेष दुर्लक्ष होते. ऐकू न आल्याने उत्तर चुकते, घरचे हसतात किंवा चिडतात, आणि आजोबा बोलणेच सोडतात. स्मृतिभ्रंशाविषयीच्या लॅन्सेट आयोगाने २०२४ साली सांगितलेल्या, बदलता येण्याजोग्या १४ जोखीम घटकांत श्रवणदोष आणि सामाजिक विलगता हे दोन्ही आहेत. कधी कधी कानातला मळ काढल्यानेही माणूस पुन्हा घराच्या गप्पांत येतो.

आपल्या भागात पोळ्याला घरे भरतात. दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात सावरगाव आणि पांढुर्णा यांच्यात गोटमार होते. मग दोन-चार दिवसांत मुले-सुना नागपूर, पुणे, भोपाळकडे परततात आणि ओटे पुन्हा रिकामे होतात. मुलांना दोष देऊन उपयोग नाही. पोटासाठी जावेच लागते. पण जी मुले घरी राहतात, त्यांच्या आईवडिलांचे काय?

येथे मला स्वतःची चूक सांगितली पाहिजे. वडील गेल्यावर आई आमच्याकडे होती. रोज सकाळी मी तिचा रक्तदाब मोजत असे, गोळ्यांचे कप्पे भरून ठेवत असे. भाजी निवडणे, देवघर पुसणे, दूधवाल्याचा हिशेब, ही तिची कामे आम्ही प्रेमाने एकेक करून काढून घेतली. एके दिवशी तिने विचारले, "आज मला काहीच काम नाही का रे?" मी हसून म्हणालो, "आई, आता फक्त आराम कर." आयुष्यात अनेक औषधे लिहिली, इतके चुकीचे क्वचितच लिहिले असेल. आज ती नाही.

वृद्धांना सोबत हवी असते, तशीच आपली कोणाला तरी गरज आहे ही जाणीवही हवी असते. अमेरिकेत १९९० च्या दशकात वृद्धरोगतज्ज्ञ डॉ. लिंडा फ्रीड यांच्या सहभागातून ज्येष्ठांना प्राथमिक शाळांत मदतनीस म्हणून नेणारा उपक्रम उभा राहिला. आठवड्याला सुमारे १५ तास ते मुलांना वाचनात साहाय्य करीत. मुलांना लाभ झाला, तसेच ज्येष्ठांचे हिंडणेफिरणेही वाढले. असे काम आपली अंगणवाडी, शाळा, वाचनालय यांतही सहज उभे राहू शकते.

डॉक्टर मित्रांना माझी विनंती अशी की, साठीपुढील प्रत्येक रुग्णाला एक प्रश्न जरूर विचारावा: "दिवस कसा जातो?" कान, डोळे, ब-१२ जीवनसत्त्व आणि चालू औषधे तपासावीत. सतत उदासी, अन्नावरची वासना जाणे किंवा "आता जगून काय करायचे" असे उद्गार आढळल्यास तो केवळ एकाकीपणा समजू नये. नैराश्याचे उपचार सुरू करावेत. टेली-मानस १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ हे क्रमांक दवाखान्यात लावावेत. कुटुंबीयांनी दूर असल्यास ठरल्या वेळी फोन करावा आणि त्यात प्रकृतीखेरीज एखादा सल्लाही मागावा. घरात असल्यास वडीलधाऱ्यांच्या हातचे काम काढून घेऊ नये. ते सावकाश झाले तरी चालेल.

त्या आजीला मी आठवड्यातून दोन दिवस दवाखान्यात बोलावले. नव्या आयांना बाळ पाजताना कसे धरावे आणि ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यातच का घालावी, हे ती दाखवते. घुटीचा आग्रह सोडवायला मला महिना लागला. तिची झोप अजून पुरती सुधारलेली नाही. पण येण्याचा वार ती चुकवत नाही.