बीसीडी विकत घेण्याआधी: माप, शिसं आणि डाव्या हातातलं बटण

रत्नागिरीतून पुन्हा एकदा तुमच्याशी बोलतोय. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. माझं अडखळणं आणि मागे भुंकणारा कुत्रा तेवढा काढून टाकलाय, बाकी बोललो तसंच आहे.

सुरुवात मिरकरवाड्यापासून करतो. माझं नवीन जॅकेट बघून ओळखीच्या एका तांडेलकाकांनी विचारलं, "हे घातलं म्हणजे माणूस बुडत नाही, होय ना?" मी म्हटलं, "नाही काका, हे घालूनच आम्ही बुडतो." ते हसले, पण त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता. बीसीडी घ्यायला निघालेल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात हाच गोंधळ असतो.

लाइफ जॅकेट बेशुद्ध माणसालाही पाठीवर वळवून तोंड पाण्याबाहेर ठेवावं, अशा हिशेबाने बनवतात. बीसीडी, म्हणजे बॉयन्सी कंट्रोल डिव्हाइस, ही हमी देत नाही. तिचं काम वेगळं आहे. ती सिलिंडर पाठीवर धरून ठेवते, पृष्ठभागावर तरंगवते आणि पाण्याखाली तुम्हाला ना वर ना खाली, अधांतरी ठेवते. काकांना मी जाळ्याचं उदाहरण दिलं. वरच्या दोरीला बोये, खालच्या दोरीला शिसं. दोन्हींचा मेळ बसला तरच जाळं पाण्यात नीट उभं राहतं. आमचंही तसंच. फरक इतकाच की आमचा बोया खोलीनुसार लहान-मोठा होतो.

तो का होतो? समुद्रात दर १० मीटरला साधारण एक वातावरणाचा दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर जॅकेटमध्ये ३ लिटर हवा असेल तर वर येईपर्यंत तिची ६ लिटर होते. वाटेत सोडली नाहीत तर तीच तुम्हाला वर खेचत नेते. जितके वर, तितकी हवा फुगते, तितका वेग वाढतो. त्यात घाबरून श्वास रोखला तर फुप्फुसातली हवाही तशीच फुगते, आणि मग प्रकरण जिवावर बेततं.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. कळलं मात्र महाराष्ट्राबाहेरच्या एका ठिकाणी, भाड्याच्या जॅकेटमध्ये. ९ मीटरवर होतो. हवा भरायचं बटण एकदा दाबलं, बोट उचललं, तरी हवा येतच राहिली. बटण आत अडकलं होतं. मी काय केलं? तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत बसलो. लॅपटॉप हँग झाल्यावर एंटर बडवतो ना, तसं. इन्स्ट्रक्टरने माझा पट्टा पकडला, हवेचा पाइप इन्फ्लेटरपासून ओढून वेगळा केला आणि मागची दोरी खेचून हवा सोडली. सगळं मिळून काही सेकंद. वर आल्यावर त्याने बटण दाखवलं. कडेला मिठाचा पांढरा थर होता.

त्या दिवशी ठरवलं, जॅकेट आपलं घ्यायचं आणि नीट समजून घ्यायचं.

पण थांबा. मालवणला एकदा किल्ल्याजवळ डाइव्ह केली म्हणून लगेच बीसीडी घेऊ नका. त्या पहिल्या अनुभवात तुमची हवा इन्स्ट्रक्टरच सांभाळत असतो. आधी रीतसर कोर्स करा. आपल्याकडे तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे. रत्नागिरीहून कोकण रेल्वेने कुडाळ, तिथून मालवण-तारकर्ली. खरेदीचा क्रम माझ्या मते असा: आधी चेहऱ्यावर नीट बसणारा मास्क, मग फिन्स, मग डाइव्ह कॉम्प्युटर आणि त्यानंतर बीसीडी. तोवर दोन-तीन प्रकारची जॅकेट भाड्याने वापरून बघा.

प्रकार मुख्यतः तीन. जॅकेट प्रकारात हवा पाठीला, बगलेखाली आणि पोटाच्या बाजूंना असते. पृष्ठभागावर उभं तरंगायला आरामाचं, पण पूर्ण फुगवल्यावर बरगड्या आवळतं. बॅक-इन्फ्लेटमध्ये सगळी हवा पाठीमागे, त्यामुळे पाण्याखाली आडवं राहणं सोपं आणि छाती मोकळी. मात्र पृष्ठभागावर जास्त हवा भरली तर ते तोंडावर पुढे ढकलतं. तिसरा प्रकार बॅकप्लेट आणि विंग: धातूची पाटी, पट्टे आणि मागे हवेची पिशवी. मापात अचूक बसवता येतं, पण पट्टे जुळवायला सुरुवातीला कुणी जाणकार हवा.

आता मुख्य आकडा, उचल. म्हणजे जॅकेट किती किलो वजन तरंगवू शकतं. दुकानात "जास्त उचल म्हणजे जास्त सुरक्षित" असं ऐकायला मिळतं. हिशेब करून बघू. आपल्याकडे नेहमी वापरतात त्या अकरा लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमधली हवा साधारण अडीच किलोची. डाइव्हच्या सुरुवातीला तेवढे तुम्ही जड असता. ३ मिलिमीटरचा वेटसूट वर साधारण २ किलो तरंगवतो. खोलवर तो दबतो आणि त्यातलं बरंचसं जातं. झाले साडेचार. वर आल्यावर डोकं पाण्याबाहेर ठेवायला आणखी चार-पाच किलो. म्हणजे कोकणच्या कोमट पाण्यात दहाच्या आसपास. मध्यम मापाच्या बऱ्याच जॅकेटना याहून जास्त उचल असतेच. वीस-पंचवीस किलोचं धूड घेऊन त्यात हवा इकडून तिकडे डुचमळत ठेवण्यात फायदा नाही.

हा हिशेब एकाच अटीवर चालतो: कमरेचं शिसं बरोबर हवं. जास्तीच्या ३ किलो शिशाला ३ लिटर जास्तीची हवा लागते, आणि वर येताना तिचं काय होतं ते आत्ताच बघितलं. बहुतेकांना वाटतं आपल्याला चांगलं जॅकेट हवंय. खरं तर त्यांना शिसं कमी करायचं असतं. तपासायची रीत सोपी. डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरमध्ये ५० बार हवा उरली असताना, उथळ पाण्यात बडीसोबत जॅकेट पूर्ण रिकामं करा. नेहमीचा श्वास आत धरलात तर पाणी डोळ्यांच्या पातळीला यावं, श्वास सोडलात की हळूहळू खाली जावं. आणि लक्षात ठेवा, स्विमिंग पूलमधलं वजन समुद्रात चालत नाही. खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं. सामानासकट तुम्ही ९० किलो असाल तर दोन-सव्वादोन किलो शिसं वाढवावं लागतं.

आता दुकानात. मी नेहमीप्रमाणे एक्सेल शीट बनवून गेलो होतो. कंपन्या, खिसे, डी-रिंगा, वजन, सगळं. पहिल्या क्रमांकाचं जॅकेट अंगावर चढवलं आणि शीट निकालात निघाली. फुगवल्यावर खांदे कानाला लागले. म्हणून घरचा वेटसूट घेऊन जा, त्यावर जॅकेट घाला आणि पूर्ण फुगवा. खोल श्वास घेता येतो का? कुणी खांद्याचे पट्टे वर ओढले तर जॅकेट वर सरकतं का? मग डोळे मिटा. इन्फ्लेटर, खांद्याची दोरी, मागे खालची दोरी, तिन्ही न बघता सापडायला हवं. शेवटी हवेचा पाइप इन्फ्लेटरपासून काढून बघा, हातमोजा घालूनसुद्धा. हे जमत नसेल तर ते जॅकेट तुमचं नाही, ब्रँड कुठलाही असो. मुलींनी फक्त लहान माप न घेता बायकांसाठीचा वेगळा कट आवर्जून घालून बघावा. धड आखूड असेल तर फरक लगेच कळतो.

जुनं घेताय? तोंडाने पूर्ण फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडलं असेल तर गळतंय. सिलिंडर जोडून बटण वीस-पंचवीस वेळा दाबा, प्रत्येक वेळी सुटून वर यायला हवं. आत कुबट वास येतोय का, शिवणी उसवल्यात का, तेही बघा. मला अर्ध्या किमतीत एक मिळत होतं. बटण दोनदा रेंगाळलं आणि मी हात जोडले. घरी आई म्हणाली, "नव्याच्या पैशात फ्रीज आला असता की!" खरंय. पण फ्रीज मला ९ मीटरवरून वर फेकणार नाही.

घेतल्यावर जपणं आपल्या हातात. प्रत्येक डाइव्हनंतर बाहेरून धुवाच, पण आतूनही: इन्फ्लेटरमधून गोडं पाणी आत सोडा, हलवा, उलटं करून काढा, दोन-तीनदा. बटण पाण्याखाली धरून दाबत राहा म्हणजे मीठ निघेल. अर्धवट फुगवून सावलीत वाळवा. आपल्याकडे जूनपासून डाइव्हिंग बंद, आणि रत्नागिरीच्या पावसात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. घडी घालून बॅगेत कोंबू नका, अर्धवट फुगवून हवेशीर खोलीत टांगा. मोसम सुरू व्हायच्या आधी इन्फ्लेटरची सर्व्हिसिंग करून घ्या.

माझं जॅकेट साधं आहे, खिसे दोनच. पण प्रत्येक डाइव्हच्या आधी होडीत बसल्या बसल्या डोळे मिटून मी एकदा तो पाइप काढतो आणि परत लावतो. काका म्हणतात, पोरगा जप करतोय. म्हणू देत.

तुमचे प्रश्न नेहमीप्रमाणे पाठवा. पुढच्या भागात भेटू.