मोठी झाली, म्हणूनच पोहायला शिकवा

मी पवनाकाठच्या शिरगावची. आज बोलायचंय ते उन्हाळ्याच्या सुट्टीबद्दल, आणि सुट्टीत आपल्या डोळ्यांदेखत मोठ्या होणाऱ्या पोरांबद्दल.

आमच्या घरी एक रीत आहे. अक्षय्य तृतीयेला पोरांना दाराला पाठ लावून उभं करायचं आणि डोक्याच्या उंचीवर पेन्सिलीची रेघ ओढायची. थोरला 13 वर्षांचा, धाकटी 11 ची. यंदा रेघ ओढली आणि सगळेच गप्प झालो. धाकटीची रेघ भावापेक्षा दोन बोटं वर! थोरला काही न बोलता बाहेर निघून गेला. सासूबाई म्हणाल्या, "पोर मोठी झाली. आता तिचं विहिरीवर जाणं बंद करा." मीही मान डोलावली. एका रेघेनं दोघांचीही सुट्टी बिघडली.

आधी रेघेचं सांगते, कारण हा प्रश्न घरोघरी असतो. मुलींचं शरीर साधारण 8 ते 13 या वयात बदलायला लागतं, मुलांचं 9 ते 14 या वयात. उंची झपाट्यानं वाढायची वेळ मुलींची आधी येते, मुलांची सुमारे दोन वर्षांनी. त्या भराच्या वर्षात पोरं 8-9 सेंटिमीटर वाढतात, म्हणजे चार बोटं. म्हणून 11-12 व्या वर्षी बहीण भावाच्या पुढे जाते. पुढे मुलगे जास्त वर्षं वाढत राहतात आणि बहुतेक वेळा उंच होतात. यात कुणाचं काही चुकलेलं नसतं. हे थोरल्याला नीट समजावल्यावर त्याचा चेहरा खुलला.

दुसरं झोपेचं. 13 ते 18 वयाच्या पोरांना 8 ते 10 तास झोप लागते. या वयात झोप येण्याची वेळच पुढे सरकते. त्यामुळे सकाळी उठायला कुरकुर करतो तो प्रत्येक जण आळशी नसतो. भूकही वाढते. नाचणीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाणे-गूळ हातापाशी असू द्या. शाळेतून आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी सुट्टीत चुकते, तेव्हा आशाताईंना विचारून घ्या.

आता धाकटीचं. सुट्टी म्हणायला दीड महिन्याची, पण सगळे एकत्र असतो ते दिवस मोजकेच. मालकांची तळेगावच्या कंपनीत पाळी. माझे पापड-कुरडया. गुरुवारी प्रतिशिर्डीच्या साईमंदिराला गर्दी, तेव्हा गटाच्या स्टॉलवर बसायचं. मे सरत आला की भाताच्या रोपाची तयारी. पोरांशी निवांत बोलणं होतं ते रात्री गच्चीवर अंथरुणं टाकल्यावरच. त्या रात्री धाकटी म्हणाली, "आई, दादा मोठा झाला तर त्याला एकट्याला तळेगावला जाऊ देता. मी मोठी झाले तर माझं बंद का?"

मला उत्तर सुचलं नाही. गेल्या उन्हाळ्यात थोरला पाठीला डबा बांधून चुलतदिरांच्या विहिरीत पोहायला शिकला. यंदा तिची पाळी होती. आणि मला आठवलं, त्याच सकाळी मी तिला धुण्याची बादली घेऊन नदीवर पाठवलं होतं. म्हणजे पोहायला बंदी, पण धुणं घेऊन पाण्याशी जायला बंदी नाही!

पवना उन्हाळ्यातही वाहती असते. धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातूनच रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून पिंपरी-चिंचवडसाठी उचललं जातं. त्यामुळे पाणी कमी-जास्त होत राहतं. काल गुडघ्याएवढं होतं म्हणून आज तेवढंच असेल, असं नाही. त्यात गाळ आणि डोह वरून दिसत नाहीत. एखादं लहान पोर घसरलं, तर धुणं धुणारी पोरगी बघत थोडीच बसेल? ती उडी टाकणार, आणि पोहता येत नसेल तर दोन जीव जाणार.

साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. त्यातला श्याम पाण्याला घाबरून लपतो, तेव्हा आईच त्याला मारून पोहायला पाठवते. पोराची भीती जावी म्हणून आईनं मन घट्ट केलं. आपण तेवढंच मन मुलीसाठी घट्ट करायचं.

सासूबाईंना मी धुण्याच्या बादलीची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "मग मीही येते काठावर." रात्रपाळी नसेल त्या दिवशी मालक सकाळी विहिरीत उतरायचे. शेजारच्या आणखी दोन मुली आल्या. ओढणी घरी, अंगात टी-शर्ट आणि लेगिंग. दोर धरायचं काम थोरल्याला दिलं. "पाय मार, घाबरू नको," असं तोच बहिणीला सांगायला लागला. आठव्या दिवशी तिचा डबा सुटला.

शिकवताना काही गोष्टी पाळा. पट्टीचा पोहणारा मोठा माणूस पाण्यात हवाच. पायऱ्या असलेली विहीर निवडा. नदीचा डोह आणि खाणीचं पाणी नको. एकटं कुणी उतरायचं नाही. कुणी बुडताना दिसलं तर लगेच उडी टाकू नका. ओरडा, काठावरूनच साडी, दोर किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेका आणि 112 ला फोन करा. आणि पोहता आलं म्हणून पुराच्या पाण्यात उतरायची मुभा मिळत नाही, हेही मुलांना बजावून सांगा.

पोरांबरोबरचे असे उन्हाळे थोडेच असतात. दोन-चार वर्षांत दहावी, मग कॉलेज, मग ती आपापल्या वाटेनं जातील. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत, हप्ते गोळा झाले की, एकच प्रश्न घ्या. पोरगी मोठी झाली म्हणून यंदा आपण तिचं काय बंद केलं, आणि तिला नवीन काय शिकवलं? दुसरी बाजू रिकामी असेल, तर शाळा सुरू व्हायच्या आत भरून काढा.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.