जॅक आणि घोडी

मोटार आतां मध्यम स्थितींतील घरांतूनही आली आहे. तिच्याबरोबर डिकींत एक जॅक येतो. चाक बदलण्यापुरता तो ठीक असतो. परंतु पुष्कळजण त्याच्या भरंवशावर खुशाल गाडीखालीं शिरतात. हें धाडस प्राणावर बेतणारें आहे. तें कां, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

कात्रीच्या आकाराचा जॅक स्क्रूच्या आट्यांवर चढतो. त्याचें बूड अरुंद, म्हणून गाडी किंचित् सरकली कीं तो कलंडतो. तेलाच्या जॅकचें तत्त्व निराळें. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखा पोंचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेंत शिकलों. त्याच आधारें जोसेफ ब्रामा यानें इंग्लंडांत १७९५ सालीं दाबयंत्राचें पेटंट घेतलें. लहान दट्ट्या १ चौरस सेंटिमीटरचा व मोठा २० चौरस सेंटिमीटरचा असेल, तर १० किलोंच्या जोरानें २०० किलो उचलतात. परंतु हें सारें ओझें रबरी वायसरांनीं अडविलेल्या तेलावर असतें. वायसर झिजला कीं तेल मागें सरतें आणि गाडी खालीं येते. तात्पर्य, जॅक उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नाहीं.

धरण्याचें काम घोडीचें, म्हणजे जॅक-स्टँडचें. ती पोलादी, रुंद बैठकीची असावी आणि जोडीनेंच घ्यावी. तिच्यावर छापलेला भार एकीचा कीं जोडीचा, हें नीट वाचावें. हजार-बाराशें किलोंच्या गाडीस २ टनांचा जॅक पुरतो. घोडीऐवजीं विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे कदापि लावूं नयेत. ते पूर्वसूचना न देतां फुटतात.

आतां क्रम ऐका. जागा सपाट व टणक पाहावी. उन्हानें मऊ झालेल्या डांबरांत जॅक रुततो. गाडी गिअरमध्यें ठेवून हातब्रेक ओढावा. हा ब्रेक बहुधा मागच्याच चाकांस धरतो. तीं दोन्ही उचललीं, कीं त्याचा उपयोग संपला. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांस पुढून-मागून अटकण लावावी. चाक काढावयाचें असेल, तर नट आधींच थोडे सैल करावे. उचललेल्या गाडीवर पान्यास झटके देऊं नयेत. जॅक गाडीच्या पुस्तिकेंत दाखविलेल्या जागींच लावावा. पुढें घोडी पुस्तिकेंतील आधाराच्या जागेखालीं सरकवावी, जॅक सावकाश उतरवून भार तिच्यावर टेकवावा, आणि खालीं जाण्यापूर्वीं गाडी बाहेरून हातानें हलवून पाहावी. काढलेलें चाक गाडीच्या कडेखालीं आडवें सरकवून ठेवल्यास आणखी एक आधार होतो.

या वेळीं गाडींत कोणी बसूं नये, मुलांस दूर ठेवावें, आणि हांकेच्या अंतरावर एखादें मोठें माणूस असावें. घोडी घरीं नसेल, तर चाक अवश्य बदलावें. मात्र गाडीखालचें काम कारखान्यावर सोपवावें. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.