मोडीचं पितळ

पहाटे 5.30 : उशेगाव, जैनूर मंडळ. 2016 साली तेलंगणाने जिल्हे फोडले तेव्हा गाव आदिलाबादमधून आसिफाबादकडे गेलं. 2018 च्या भौगोलिक निर्देशांकात मात्र इथल्या ओतकामाचं नाव ‘आदिलाबाद डोकरा’च. ओझांच्या अंगणात या घोळाचं कुणाला काही नाही. आज ओतायचा दिवस. पाच मातीचे साचे वाळलेत. दादा एकेकावर टिचकी मारून कान लावतो. आत ओल राहिली तर साचा भट्टीत तडकतो.

सकाळी 7.00 : मोड तोलायची. फुटकी समई, बिनबुडाचा तांब्या, नळाच्या तोट्या. भंगारवाल्याने किलोला 400 च्या वर घेतले. वहिनी तोट्यांतले लोखंडी स्क्रू नि रबरी वायसर उपसून काढते. पितळ किती घालायचं ते आधीच ठरलंय : साच्यात जेवढं मेण गेलं, त्याच्या नऊपट, वर थोडं जास्त.

8.30 : सावलीत म्हातारी पुढच्या खेपेला बसलीय. मेण आणि राळ एकत्र मळलेली. लाकडी दट्ट्याने दाबली की खालच्या भोकांतून शेवेसारखी तार निघते. ती मातीच्या मोरावर शेजारी शेजारी बसवायची, मध्ये फट नको. बोट सारखं पाण्यात बुडवते, नाहीतर मेण बोटालाच चिकटतं. एका पंखाला तासभर.

10.00 : भट्टी पेटली. साचे तापले, तोंडातून मेण गळालं, उरलेलं जळालं. पोरगा पंख्याचा दांडा फिरवतोय. हात बदलतो, थांबत नाही. कोळशाचं पोतं निम्मं झालं.

11.40 : मुशीवर पांढरा धूर. जस्त उडायला लागलं. पितळाला 900 अंशांच्या पुढे उष्णता लागते. दादा मुशीत डोकावून रंग बघतो, बास. सांडशीने मूस उचलली. “सरका रे!” अखंड धार. हात अडखळला की तिथे सांधा दिसतो. पाचही साचे भरेपर्यंत कुणी बोललं नाही. मग दादाने पाणी मागितलं, तांब्याभर एका दमात प्याला.

दुपारी 2.30 : साचे फोडले. साचा एकदाच वापरायचा, म्हणून जुळी मूर्ती नाही. चार ठीक. घोड्याचा मागचा पाय भरलाच नाही. दादाने तो उलटसुलट पाहिला आणि मोडीच्या टोपलीत टाकला. पितळ तर परत येईल. म्हातारीने त्याच्यावर दीड दिवस घातला होता.

4.00 : कानस. खाली धोतराचं फडकं अंथरलंय. पडलेला कीस झटकून टोपलीत. बोटांच्या पेरांत पिवळी भुकटी.

संध्याकाळी 6.15 : व्यापाऱ्याचा फोन. पहिला प्रश्न, “वजन किती भरलं?” दादा चार नगांचं सांगतो. मग मेणासाठी 500 रुपये आगाऊ मागतो. तिकडून उत्तर येतं, “माल येऊ दे, बघू.”