खडवलीची चिठ्ठी

कल्याणहून कसाऱ्याची लोकल धरली की शहाड, आंबिवली, टिटवाळा आणि मग खडवली. टिटवाळ्याला गणपतीची गर्दी उतरते, डबा मोकळा होतो आणि पुढचं स्टेशन येईस्तोवर आपण कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बाहेर पडलेलो असतो. एका स्टेशनाचं अंतर, पण सरकार बदलतं. टिटवाळ्याचं मूल तापलं तर महापालिकेच्या दवाखान्यात जातं, फारच झालं तर कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात. खडवलीचं मूल ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी पितं, झेडपीच्या शाळेत बसतं आणि आजारी पडलं तर झेडपीच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं जातं.

मुंबई-ठाण्याच्या लोकांना खडवली माहीत आहे ती भातसा नदीमुळे. धरणातून मुंबईसाठी सोडलेलं पाणी याच नदीने पिसेच्या बंधाऱ्याकडे जातं. पावसाळ्यात रविवारी डब्यांतून पोरांचे घोळके उतरतात आणि दर वर्षी कुणी ना कुणी बुडाल्याची बातमी येते. गावाचं नाव छापून येतं ते एवढ्यापुरतं. त्यामुळे या भागातल्या वाड्या-पाड्यांवर शाळा, दवाखाना आणि पंचायत मिळून वर्षभर काय करतात, याकडे बाहेरच्याचं लक्ष जात नाही. मला ते बुडण्याच्या बातमीपेक्षा जास्त सांगण्यासारखं वाटतं.

शाळा आणि दवाखान्याने मिळून काम करणं सगळीकडे सोपं नसतं. अमेरिकेत टेक्सास किंवा कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत शाळांचा जिल्हा वेगळा असतो आणि रुग्णालयांचाही वेगळा असू शकतो. प्रत्येकाचं निवडून आलेलं मंडळ, प्रत्येकाची स्वतःची करवसुली. त्यांना एका टेबलाशी बसवणं हेच तिथे मोठं काम. आपल्याकडे हा प्रश्न कागदावर तरी १९६१ च्या कायद्याने सोडवून टाकला. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या आणि प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रं, पाणी, रस्ते असं गावाला लागणारं बहुतेक सगळं एका छपराखाली आलं. ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्हा परिषदेकडे शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ एवढे पाच तालुके राहिले. कल्याण तालुक्याच्या पंचायत समितीचं कार्यालय कल्याण शहरात, म्हणजे महापालिकेच्या पोटात. गावकऱ्याला गावच्या कामासाठी शहरात जावं लागतं, याचं आता कुणाला नवल वाटत नाही.

म्हणजे गुरुजी आणि डॉक्टर यांचा मालक एकच. मग अडतं कुठे? मालक एक असला तरी साहेब वेगळे असतात. गुरुजींच्या वर केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी. सिस्टरच्या वर मेडिकल ऑफिसर आणि तालुका आरोग्य अधिकारी. अंगणवाडी सेविकेच्या वर पर्यवेक्षिका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी. तिघांची रजिस्टरं वेगळी, तिघांचे महिनाअखेरचे अहवाल वेगळे. त्यातून याच तालुक्यातलं गोवेलीचं ग्रामीण रुग्णालय जिल्हा परिषदेचं नाहीच. ते राज्य सरकारचं, जिल्हा शल्य चिकित्सकांच्या हाताखालचं. एकाच पोराचं वजन तीन ठिकाणी लिहिलं जातं आणि तिन्ही आकडे जुळले तर कारकुनालाच शंका यावी अशी स्थिती.

तरीही या जिल्ह्याला शाळा आणि आरोग्य यांची गाठ नवी नाही. ती बांधली गेली ती सरकारी योजना येण्याच्या कितीतरी आधी. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बोर्डी-कोसबाड आज पालघरमध्ये असलं तरी तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. आधी मुलांना अंघोळ घालायची, नखं काढायची, केस विंचरायचे आणि मग गाणी-गोष्टी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. पोटभर खाणं, स्वच्छ अंग आणि अक्षर या तीन गोष्टी त्यांनी कधी तीन खात्यांच्या मानल्या नाहीत. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना देशभर ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळालं. नाव दिल्लीपर्यंत पोचलं. तीन गोष्टी एका हाताने करण्याची रीत मात्र तेवढी पोचली नाही.

आज या गाठीचं सर्वांत मोठं सरकारी रूप म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. गावात त्याला ‘आरबीएसकेची गाडी’ म्हणतात. योगायोग असा की ६ फेब्रुवारी २०१३ रोजी त्याची देशपातळीवरची सुरुवात पालघरला झाली, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्याचाच तालुका होता. एका गाडीत चार माणसं: एक पुरुष आणि एक महिला असे दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासायची आणि ठरवलेल्या तीस दोषांपैकी एखादा दिसतोय का, हे पाहायचं. दुभंगलेला ओठ, वाकडं पाऊल, जन्मजात हृदयरोग हे जन्मतःचे. रक्तक्षय, अ जीवनसत्त्वाची कमतरता, तीव्र कुपोषण हे पोषणाचे. फुटलेला कान, किडलेले दात, खरूज हे रोजचे. आणि उशिरा बोलणं, कमी ऐकू येणं, शिकण्यातली अडचण हे वाढीतले.

गाडी येते त्या दिवशी शाळेचा वर्ग दवाखाना होतो. व्हरांड्यात वजनकाटा, भिंतीला उंचीची पट्टी, सहा मीटरवर दृष्टीचा तक्ता. अंगणवाडीतल्या लहानग्यांच्या दंडाला रंगीत पट्टी लावतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर मूल तीव्र कुपोषित. फळा नीट वाचता येत नाही म्हणून मागच्या बाकावर सरकलेलं, ‘ढ’ ठरलेलं पोर या तक्त्यासमोर उभं केलं की कधी कधी एका मिनिटात उलगडा होतो. डोळ्यांची अशी प्राथमिक तपासणी करायला शिक्षकांनाही शिकवलेलं असतं. दोष ठरला तर चष्मा फुकट मिळतो.

या सगळ्यात शिक्षकाचं काम काय, असं शहरातला माणूस विचारील. खरं तर सगळंच. डॉक्टर मुलाला पाच मिनिटं पाहतात, बाई त्याला वर्षभर पाहतात. कोण खेळताना धापा टाकतं, कोण नाव घेतल्यावर मान वळवत नाही, कोण वर्गात मध्येच टक लावून गप्प होतं, हे त्यांना ठाऊक असतं. बाईंनी डॉक्टरांच्या कानात दोन वाक्यं टाकली तर तपासणीला अर्थ येतो. नाही तर ती रांग असते, दुसरं काही नाही.

जे काम त्याच दिवशी संपतं ते ही माणसं उत्तम करतात, हे मी ठामपणे म्हणेन. जंताच्या गोळीचंच बघा. २०१५ पासून फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या दहा तारखेच्या आसपास राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी. गोळ्या आरोग्य केंद्रातून निघतात, सिस्टर किंवा आशाताई त्या शाळेत पोचवतात, गुरुजी त्या मुलांना आपल्यासमोर चावून खायला लावतात. शाळेत न जाणाऱ्यांना अंगणवाडीत गाठतात. गैरहजर राहिलेल्यांसाठी आठवड्याभराने पुन्हा एक दिवस. शाळेची खिचडी खाल्ल्यावर गोळी दिली तर पोटात कालवत नाही, हे स्वयंपाकीण मावशीही सांगतील. पाणी ग्रामपंचायतीचं. चार खात्यांची ही शर्यत दोन तासांत पार पडते आणि कुणाला बैठक घ्यावी लागत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम निघाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना टोचायचं होतं. लस आरोग्य खात्याची, पण पालकांच्या शंका निरसायचं काम बरंचसं गुरुजींच्या शब्दावर झालं. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही कोविडची मोहीम आली, तेव्हा दारोदार फिरणाऱ्या पथकांत आशा होत्या आणि अनेक ठिकाणी शिक्षकही.

जे काम त्या दिवशी संपत नाही, तिथे घोडं अडतं. तपासणीत एखाद्या मुलाच्या छातीत आवाज वेगळा ऐकू आला की डॉक्टर चिठ्ठी लिहितात. सरकारी भाषेत ती ‘संदर्भ सेवा’, सगळ्यांच्या तोंडी ‘रेफर केलंय’. चिठ्ठी आधी ग्रामीण रुग्णालयाकडे, तिथून ठाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाकडे, गरज पडली तर मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाकडे बोट दाखवते. उपचार मोफत. शस्त्रक्रियेचा खर्च या कार्यक्रमातून किंवा महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून होतो. कागदावर कुठेच खोट नाही.

आता चिठ्ठी हातात घेतलेल्या आईच्या जागी उभं राहा. बाप रोजंदारीवर. ठाण्याला जायचं म्हणजे दोघांपैकी एकाचा दिवस बुडाला. पहिल्या खेपेला हृदयाच्या ‘इको’ तपासणीची तारीख मिळणार, दुसऱ्या खेपेला आधार कार्ड विसरलं म्हणून परत, तिसऱ्या खेपेला डॉक्टर रजेवर. धाकटं कडेवर, मोठ्याची शाळा बुडालेली. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, ते पोर तर अंगणात हुंदडतंय. त्याला काय झालंय? चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत रेशन कार्डाखाली जाऊन पडते. यात अडाणीपणा नाही, हिशेब आहे. तो चुकीचा असेल, पण आईने तो केलेला असतो.

अशा वेळी चिठ्ठी पुढे नेते ती बहुतेकदा आशाताई. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली ही बाई साधारण हजार लोकसंख्येमागे एक. ती नोकर नाही, स्वयंसेविका. पगार नाही, मोबदला. ती सकाळची लोकल पकडून आई-मुलाला घेऊन जाते, खिडकी कुठली ते सांगते, रांगेत उभी राहते. ज्या व्यवस्थेत चार साहेब आहेत, तिचा सगळ्यांत लांबचा प्रवास सगळ्यांत कमी मोबदल्याच्या बाईवर टाकलेला आहे. मला हे लाजिरवाणं वाटतं.

खडवलीच्या बाजूला, आणि पलीकडे भिवंडी-शहापूरकडे, आणखी एक गोष्ट चिठ्ठी हरवते: वीटभट्टी. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. डिसेंबरात गाडी पाड्यावरच्या शाळेत येते तेव्हा पटावरची काही नावं दहा-वीस किलोमीटरवर चिखल तुडवत असतात. जिथे नाव आहे तिथे मूल नाही, जिथे मूल आहे तिथे नाव नाही. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. ताराबाईंच्या कुरणशाळेचीच ही नात म्हणायची. महिला व बालविकास विभागाने स्थलांतरितांची नोंद ठेवणारी संगणकीय प्रणालीही आणली. पण अंगणवाडीच्या या नोंदीवरून भट्टीजवळच्या आरोग्य केंद्राला ‘तुमच्याकडे आमचं एक मूल आलंय, त्याची चिठ्ठी बाकी आहे’ असा निरोप गेला पाहिजे. तो आजही फोनवरच जातो, तोही सिस्टरच्या ओळखीची सिस्टर तिकडे असली तर.

गावाच्या हाती काही नाही असं मात्र नाही. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती प्रत्येक महसुली गावाला आहे. तिला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंतचा अबंधित निधी मिळतो. शाळेत शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायलाच हव्यात. आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती आहे. तिन्ही समित्यांच्या सह्यांच्या वह्यांत नावं पुष्कळदा तीच असतात, विषय मात्र वेगळे: रंगरंगोटी, पंखा, टाकीची साफसफाई. दहा हजारांत चार मुलांचं आणि त्यांच्या आयांचं ठाण्यापर्यंतचं जाणं-येणं, एक वेळचं जेवण आणि आशाताईचा बुडालेला दिवस आरामात बसतो. हा खर्च मागायला ना नवी योजना लागते, ना नवा जीआर. समितीच्या ठरावात एक ओळ लागते.

तेव्हा खडवलीकडच्या, किंवा कुठल्याही गावच्या, पालकांना आणि सरपंचांना एक विनंती. पुढच्या बैठकीत गुरुजींना, सिस्टरना आणि आशाताईंना एकत्र बसवा आणि तपासणीचं रजिस्टर मागवा. किती मुलं तपासली हा आकडा सोडून द्या, तो नेहमीच चांगला असतो. त्यापुढच्या रकान्यातली नावं मोठ्याने वाचा आणि प्रत्येक नावाला विचारा: चिठ्ठी कुठे आहे, आणि पुढच्या खेपेला तिच्यासोबत कोण जाणार?