ताकासारख्या द्रावणातला धागा

पिकलेला टोमॅटो विळीवर नुसता दाबून बघा. साल आत दबते, फाटत नाही. तोच जरासा पुढे सरकवला की पातं सरकन आत! धार कापते ती दाबापेक्षा सरकण्याने. तेलकट पत्रा हातातून निसटतो, तेव्हा त्याच्या कडेवरची धारदार कोर तळव्याचं हेच करते. या सरकत्या धारेला अडवणाऱ्या धाग्याची जन्मकथा मला अजूनही थक्क करते.

१९६५ चा सुमार. अमेरिकेत विल्मिंग्टनला ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत स्टेफनी क्वोलेक टायरसाठी हलका पण दणकट धागा शोधत होत्या. एकदा हाती आलं ते द्रावण पातळ, गढूळ, थेट ताकासारखं. एरवी अशी द्रावणं दाट आणि नितळ असायची. धागा काढणाऱ्या यंत्रावरचा सहकारी ते घेईना; बारीक भोकं तुंबतील ही त्याची भीती. बाईंनी पिच्छा सोडला नाही. शेवटी निघाला तो धागा वजनाला वजन धरलं तर पोलादाच्या पाचपट मजबूत! तोच केव्हलार. त्या गढूळपणातच सगळं गुपित होतं. ताठ, लांब रेणू द्रावणातच काड्यापेटीतल्या काड्यांसारखे शेजारी शेजारी लागलेले होते.

धार अडवणारा दुसरा धागा तर चक्क पॉलिथिनचा, म्हणजे भाजीच्या पिशवीच्या जातकुळीतला. पिशवीत रेणूंच्या साखळ्यांचा शेवयांसारखा गुंता असतो. इथे साखळ्या कितीतरी लांब, आणि जेलमधून ताणून विंचरलेल्या केसांसारख्या सरळ केलेल्या. नेदरलँड्समधल्या या शोधातून डायनीमा आला. तो पाण्यावर तरंगतो, हाताला गार लागतो. पण १५० अंशांच्या आसपासच वितळतो. गरम कामाला म्हणून केव्हलार घ्यावा. तो वितळत नाही, मात्र उन्हाने आणि ब्लीचने कमजोर होतो.

या धाग्यांचा हातमोजा घेताना त्यावरची ढाल शोधा. तिच्यावर ईएन ३८८ हे युरोपीय मानक आणि खाली चार आकडे नि पुढे अक्षर असतं. दुसरा आकडा कापण्याचा, पण त्यावर विसंबू नका. ती चाचणी गोल फिरत्या पात्याची. धाग्यात काच किंवा पोलादाची तार गुंफलेली असली, की पातंच बोथट होतं आणि आकडा फुगतो! म्हणून २०१६ मध्ये आकड्यांपुढचं अक्षर जोडलं गेलं. त्यासाठी सरळ पातं मोज्यावरून एकदाच सरकतं, दर वेळी कोरं करकरीत. २० मिलिमीटर सरकताना मोजा कापायला किती जोर लागला, ते मोजतात. ‘ए’ म्हणजे २ न्यूटन. ‘एफ’ म्हणजे किमान ३०, जवळजवळ तीन किलोंचा भार. आणि ‘एक्स’ दिसला तर ती चाचणी झालेलीच नाही.

तेलकट पत्र्यासाठी तळव्यावर नायट्राइलचा लेप हवाच, कारण पत्रा निसटलाच नाही तर धार सरकणार कशी? सुईपुढे मात्र मोज्यावर भरवसा ठेवू नका. ती विणीच्या दोन टाक्यांमधून सहज आत शिरते.

आणि ड्रिल किंवा लेथ फिरत असताना हे मोजे हातात नकोतच. एखादं टोक बिटात अडकलं, तर हा धागा तुटत नाही. तो हात घेऊन आत जातो.